मौजे कोरीट आणि खणाबाहेरचा पाडा

महसुली कागदावर गावाचे नाव सहसा एकटे येत नाही. सातबारा, फेरफार किंवा जुन्या खरेदीखताची नक्कल काढून पाहावी. तिथे 'मौजे कोरीट, जिल्हा नंदुरबार' अशा धर्तीवर सुरुवात असते. हा 'मौजे' आपण न वाचताच पुढे जातो. खरे तर कोरीट ही कोणत्या प्रकारची जागा आहे, हे तो शब्द सांगत असतो. कसबा म्हटले की बाजारपेठेचे मोठे गाव, मौजे म्हटले की शेतसाऱ्याचे स्वतंत्र गाव, मजरा म्हटले की मूळ गावाला जोडलेली वस्ती. नाव वेगळे आणि प्रकार वेगळा, ही समज आपल्या दप्तरांत संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. एकाच नावाची दोन गावे आली तर काय करायचे, हेही ठरलेले होते. बुद्रुक आणि खुर्द सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या शहादा तालुक्यात मोहिदे तर्फ हवेली आणि मोहिदे तर्फ शहादे अशी दोन मोहिदे आहेत, लिहिताना 'त. ह.' आणि 'त. श.' एवढ्यावर भागते. त्याच तालुक्यातल्या खेडदिगरमधला 'दिगर' फारसीतून आलेला आहे. त्याचा अर्थ 'दुसरा'.

संगणकाच्या क्षेत्रात ज्याला डेटा मॉडेल म्हणतात ते याच जातीचे असते. कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत असे मानायचे, त्यांची एकमेकींशी नाती कोणती आणि प्रत्येकीविषयी काय काय लिहून ठेवायचे, याचा आधी ठरवलेला साचा. अनेक खाती तोच साचा वापरू लागली की तो सामायिक होतो. मग तो संपादित करायला आणि बदललेला सर्वांसाठी प्रसिद्ध करायला सॉफ्टवेअर लागते. अशा सॉफ्टवेअरविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. लिहिले तरी 'कामकाज सुलभ झाले' यापलीकडे जात नाही. माझे म्हणणे असे आहे की, या साधनांनी नोंदीची दुरुस्ती सोपी केली, पण साच्याची दुरुस्ती गावाच्या, तालुक्याच्या, अगदी जिल्ह्याच्याही हाताबाहेर ठेवली. आणि नंदुरबारमध्ये वाद आहे तो मुख्यतः साच्याचा.

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी' म्हणजे कचेऱ्यांच्या बोलीतली एलजीडी. प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायत यांना तिच्यात स्वतंत्र संकेतांक असतो. राज्याने नेमलेला अधिकारी प्रणालीत शिरून बदल नोंदवतो. बदलाला शासकीय आदेशाचा आधार द्यावा लागतो. नोंद प्रसिद्ध झाली की ती इतर खात्यांना वापरता येते. या निर्देशिकेला नावे ठेवण्याआधी तिची गरज मान्य केली पाहिजे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत त्याचा क्रमांक ०१ होता. २०११ मध्ये सगळ्या देशाचे जिल्हे एका ओळीत मोजले गेले आणि तोच जिल्हा ४९७ झाला. त्याआधीची सगळी आकडेवारी धुळ्याच्या पोटात. जनगणनेच्या तक्त्यात तालुक्याचे नाव अक्राणी, आणि लोकांच्या तोंडी, एसटीच्या पाटीवर धडगाव. दोन खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या म्हटल्या की पहिले दोन दिवस यातच जातात. कायम टिकणारा एक संकेतांक असणे ही मोठी सोय आहे, हे मी अनुभवावरून सांगतो.

कोरीटचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते सोपे आहे. महसुली गाव आहे, यादीत आहे, त्याच्या अस्तित्वाविषयी कोणाला शंका नाही. तरीही नावापाशी अडते. इंग्रजी अक्षरांतून हे नाव परत देवनागरीत आणायचे तर कोरीट, कोरिट, कोरीत, कोरित असे चार पर्याय तयार होतात, कारण रोमन लिपीला ट आणि त यांतला फरक दाखवता येत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचीही तिला पर्वा नाही. गावाचे मूळ नाव देवनागरी, जुळणी मात्र रोमनवर, असा उलटा कारभार आपण गेली काही वर्षे चालवतो आहोत. अशा याद्या स्वच्छ करायला मी ओपनरिफाइन वापरतो. २०१० मध्ये ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने आले, पुढे गूगल रिफाइन झाले आणि आता मुक्त सॉफ्टवेअर आहे. उत्तम साधन आहे. पण उच्चारावरून सारखी नावे एकत्र आणण्याच्या त्यातल्या दोन प्रसिद्ध पद्धती पाहा: मेटाफोन इंग्रजी उच्चारांवर बेतलेली, कोलोन पद्धत जर्मन उच्चारांवर. देवनागरीत लिहिलेल्या गावांसाठी दोन्ही निरुपयोगी. ही उणीव त्रासदायक असली तरी भरून निघण्यासारखी आहे. कोणी तरी बसून मराठी उच्चारांचे नियम लिहिले की काम होईल. नाव चुकले तर अर्ज करता येतो, आदेश काढता येतो, नोंद बदलता येते.

साचा चुकला तर अर्ज कुठे करायचा?

कोरीटहून तापी ओलांडून सातपुड्यात शिरले की 'गाव' या शब्दाचा अर्थच बदलतो. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत घरे एका ठिकाणी दाटलेली नसतात. एका डोंगरावर एक पाडा, मधे नाला, पलीकडच्या उतारावर दुसरा. प्रत्येक पाड्याला नाव असते, बऱ्याचदा स्वतःचा देव असतो, स्वतःचा पुंजारा किंवा कारभारी असतो. असे कित्येक पाडे मिळून एक महसुली गाव होते. हे महसुली गाव कोणी ठरवले? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४ नुसार कोणत्या क्षेत्राला गाव म्हणायचे ते राज्य शासन अधिसूचनेने ठरवते. जनगणनाही तेच धरून चालते: महसुली गाव हा एकक, त्यातल्या वाड्यापाड्या त्याच्या आत.

यानंतर दोन केंद्रीय कायदे झाले आणि त्यांनी व्याख्या बदलली. पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. त्याच्या कलम ४ मध्ये गावाची ओळख सीमेवरून नव्हे तर समाजावरून करून दिली आहे. एक वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, एक पाडा किंवा पाड्यांचा समूह, ज्यात एक समाज राहतो आणि आपल्या रूढी-परंपरांनुसार आपला कारभार पाहतो, ते गाव. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले, आणि पाड्याने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट त्यांत आखून दिली. वनहक्क कायदा, २००६ त्याहून पुढे गेला. त्याच्या कलम २ मधली गावाची व्याख्या चार पोटकलमांची आहे. तिच्यात पेसाचे गाव येते, अनुसूचित क्षेत्राबाहेर राज्याच्या पंचायत कायद्यातले गाव येते, आणि तिसऱ्या पोटकलमात वनगावे, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावे येतात, ती अधिसूचित असोत वा नसोत. 'असोत वा नसोत' हे शब्द कायद्यातले आहेत. यादीत नसलेल्या गावालाही कायद्याने गाव म्हटले आहे.

आता हे सामायिक साच्यात कसे बसवणार? महसुली उतरंड झाडासारखी आहे: राज्याला जिल्हे, जिल्ह्याला तालुके, तालुक्याला गावे, आणि प्रत्येक गाव एकाच तालुक्याच्या फांदीवर. अशा झाडात पाड्याला खण करून दिला, तरी तो गावाच्या पोटातला खण होतो. पाडा गावाचा भाग आहे आणि तोच पाडा एका वेगळ्या कायद्याने स्वतः गाव आहे, ही दोन विधाने एकदम खरी असू शकतात, हे झाडाला सांगता येत नाही. पोर्टल उघडले की ड्रॉपडाउनमध्ये जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. पाड्याचा माणूस तिथे थांबतो, किंवा मूळ गावाचे नाव निवडून पुढे जातो.

हे संगणकाला जमणारच नाही, असे मात्र नाही. ते तपासण्यासाठी मी प्रोटेजेमध्ये गावाचा साचा बांधून पाहिला. प्रोटेजे हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वाढलेले मोफत सॉफ्टवेअर. त्यात वर्ग, उपवर्ग आणि नाती लिहिता येतात, आणि लिहिलेल्या विधानांत विसंगती आहे का हे तर्कयंत्र तपासून सांगते. मी ते ज्या पुस्तिकेवरून शिकलो ती मँचेस्टर विद्यापीठाची आणि या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तिच्यातले उदाहरण पिझ्झाचे आहे. (धुळे-नंदुरबारच्या विद्यार्थ्यासाठी कोणी ती कळण्याच्या भाकरीवर लिहायला हवी, पण ते असो.) त्या पिझ्झात दोन गोष्टी आहेत ज्या माझ्या कामाला लागू पडल्या.

पहिली अशी. चीज आणि भाजी हे वर्ग परस्परांना वर्ज्य आहेत असे आधी लिहायचे, मग मुद्दाम 'चीजवाली भाजी' असा एक वर्ग दोन्हींखाली टाकायचा. तर्कयंत्र तो लाल करून दाखवते, कारण अशी वस्तू असूच शकत नाही. पुस्तिका शिकवते ती सवय म्हणजे शेजारचे वर्ग एकमेकांना वर्ज्य करून टाकणे. पिझ्झासाठी ती योग्य आहे. मी महसुली गाव, पेसा गाव, वनहक्क गाव असे तीन वर्ग केले आणि तीच सवय लावली, तर धडगावकडचा कोणताही पाडा क्षणात लाल होतो. वर्ज्य काढून टाकले की तक्रार राहत नाही. वनहक्क कायद्याची चार पोटकलमे तर या भाषेत जशीच्या तशी लिहिता येतात: हे, किंवा ते, किंवा ते, यांचा संयोग म्हणजे गाव. कायदा लिहिणाऱ्यांनी प्रोटेजे पाहिले नसेल. पण त्यांची व्याख्या त्यात एका ओळीत बसते. झाडाच्या साच्यात मात्र बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. प्रोटेजेच्या मागे जी भाषा आहे, ओडब्ल्यूएल, ती न लिहिलेल्या गोष्टीला खोटे मानत नाही. पिझ्झावर टोमॅटो आणि मोझरेला आहे एवढेच लिहिले, तर तर्कयंत्र त्याला शाकाहारी म्हणायला तयार होत नाही. त्यावर आणखी काही असेल, कोणास ठाऊक. 'यापलीकडे काही नाही' असे वेगळे विधान तुम्ही करावे लागते. नवशिक्याला याचा वैताग येतो. मलाही आला होता. पण कारभारासाठी ही किती सभ्य पद्धत आहे! सरकारी यादीचा तर्क नेमका उलटा चालतो. यादीत नाही, म्हणजे अस्तित्वात नाही. तिथे 'यापलीकडे काही नाही' हे विधान कोणीही सही करून केलेले नसते, ते यादीच्या रचनेतच मुरलेले असते. वनहक्क कायद्यातल्या 'अधिसूचित असोत वा नसोत' या शब्दांचा पराभव न्यायालयात झालेला नाही. पोर्टलच्या ड्रॉपडाउनमध्ये तो रोज होतो.

साचा कोणत्या खात्याचा यावर पाड्याचे नशीब कसे ठरते, याचे चांगले उदाहरण रस्त्यांचे आहे. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गाव हे एकक घेतलेच नाही, वस्ती घेतले. सपाट भागात ५०० लोकवस्ती, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०, अशी अट. जवळजवळच्या वस्त्या एकत्र मोजण्याचीही मुभा दिली: एरवी ५०० मीटरच्या परिघातल्या, डोंगरात दीड किलोमीटर वाटेच्या अंतरातल्या. वस्तीला देशात काय काय म्हणतात त्याची यादी मार्गदर्शक सूचनांत आहे, देसम, ढाणी, टोला, मजरा. पाडा त्यात 'इत्यादी'मध्ये गेला, पण गेला तरी मोजला गेला. याउलट २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानाने सुमारे ६३,००० गावे निवडली, आणि तिथे एकक पुन्हा गाव. एकच सरकार, एकच डोंगर, दोन साचे. यांतला कोणता कोणाला लागू करायचा ही चर्चा जिल्ह्यात कधी होत नाही, कारण साचा जिल्ह्यात येतो तो तयार होऊनच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर. म्हणजे पाड्याचा प्रश्न हा इथे अपवादाचा प्रश्न नाही.

साच्यात काळाला जागा नसणे हा दुसरा दोष. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितातले महाराष्ट्रातले पहिले गाव. राज्यातली अशी ३३ गावे, सगळी याच जिल्ह्यातली. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये म्हणून जगभरच्या संघटनांनी जे निवेदन काढले त्याला 'मणिबेली जाहीरनामा' हे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव जगाच्या कागदपत्रांत इतके पोचलेले नाही. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे गेली, बुडितातल्या इतर कित्येकांना तळोदा तालुक्यात वसाहती मिळाल्या, आणि काही लोक मूळ गावाच्या वरच्या डोंगरावरच राहिले. आता 'मणिबेली' कुठे आहे? पाण्याखालच्या सर्व्हे नंबरांत, वर राहिलेल्या घरांत, की दुसऱ्या राज्यातल्या वसाहतीत? निर्देशिकेचे उत्तर सोपे असते, एक संकेतांक जुन्या जागेचा, दुसरा नव्या वसाहतीचा. त्या दोघांमध्ये 'इथले लोक तिथे गेले' हे नाते लिहायला खण लागतो. तो नसेल तर पुनर्वसनाचा इतिहास फाइलींत राहतो आणि आकडेवारीतून गळून जातो.

याला पर्याय म्हणून विकिडेटाचे नाव नेहमी घेतले जाते. २०१२ पासून चालू असलेला हा मुक्त माहितीसाठा कोणालाही संपादित करता येतो, आणि त्यात एक गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे शेजारी ठेवता येतात, प्रत्येकाला स्वतःचा आधार देता येतो, आणि त्यांतले एक ग्राह्य, एक कालबाह्य अशी प्रतवारीही लावता येते. मतभेद पुसावा लागत नाही. पण तिथेही भारतातल्या गावांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर जनगणनेच्या यादीवरून घाऊक भरलेल्या आहेत, त्यामुळे साचा पुन्हा महसुलीच. शिवाय मोकळ्या दारातून आत जायला इंटरनेट, इंग्रजी आणि फावला वेळ लागतो. पाड्यावर यांतले काय आहे ते वाचकाने ठरवावे. जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोवॉक हा शेतीविषयक शब्दकोश व्होकबेंच या साधनातून सांभाळला जातो. तिथे शब्द सुचवणारा, तपासणारा आणि प्रसिद्ध करणारा अशा भूमिका वेगळ्या ठेवता येतात. मला ही व्यवस्था आपल्या कामाला सर्वांत जवळची वाटते. प्रसिद्ध करण्याचा अधिकार शासनाकडे राहू दे. सुचवण्याचा अधिकार ग्रामसभेला का नसावा, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

जे उत्तर मिळते ते असे: पाड्यांना गावाचा दर्जा दिला तर एकच कुटुंब दोनदा मोजले जाईल, निधी दोनदा जाईल, गोंधळ माजेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पैसे वाटणाऱ्याला एकमेकांत न मिसळणारी यादी लागतेच. पण ती गरज निधीवाटपाची आहे. त्या एका गरजेसाठी ओळखीचा, हक्काचा आणि इतिहासाचा साचाही तोच का असावा? महसुली गावांची न मिसळणारी यादी जशी आहे तशी ठेवून, राजपत्रात घोषित झालेल्या पेसा गावांना आणि मान्य झालेल्या वनहक्क दाव्यांतल्या गावांना स्वतःचा संकेतांक देता येईल. त्यांच्यासमोर 'अमुक महसुली गावाच्या हद्दीत' हे नाते लिहिले की मोजणारा हवी ती यादी काढून घेईल. कोणत्या कायद्याने हे गाव आहे, हा एक वेगळा खण. कधीपासून, कधीपर्यंत, आणि लोक कुठून आले, हे आणखी दोन-तीन. नाव देवनागरीत, आणि भिलोरी, मावची, पावरी यांत जे म्हणतात तेही, भाषेच्या उल्लेखासह. यात तंत्राच्या दृष्टीने अवघड काहीच नाही. 'मौजे', 'मजरे', 'तर्फ' लिहिणाऱ्या कारकुनाने यातले निम्मे काम बोरूने केले होते.

घाईचे कारण तारखेत आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर जिल्हा, तालुका, गाव यांच्या सीमा गोठवण्याचे ठरले, त्या मार्च २०२७ पर्यंत. ही पहिली डिजिटल जनगणना, म्हणजे प्रगणकाच्या हातातला मोबाइल त्याला जी यादी दाखवेल त्याच यादीतली गावे भरली जातील. ज्या पाड्यांचे ठराव कचेऱ्यांमध्ये पडून आहेत ते तोवर गाव होणार नाहीत, हे उघड आहे. सीमा बदलता येणार नसल्या तरी मूळ गावाच्या नोंदीत घरे मोजताना पाड्याचे नाव वेगळ्या खणात घेण्याला सीमा आड येत नाही. घरयादीचे काम २०२६ च्या एप्रिलपासून सुरू करण्याचे ठरले. जिल्ह्यातल्या तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षकांना आपापल्या पाड्यांची नावे तोंडपाठ असतात.